सॅक्रीनच्या जोरावर येळ्ळूरचा गड

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात आमच्या ह्यांच्या लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. बघता बघता ते निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी चांगलं विटकरी होऊन थांबलं. हे खुर्चीत ताठ बसले होते. कोर्टातल्या हेडक्लार्कच्या अंगातून काही फालतू निघणार नाही, याची त्यांना खात्री होती.

"साखर आहे," डॉक्टर म्हणाले, "भरपूर आहे."

ते चव्वेचाळीस साल होतं. लढाईपायी साखर कार्डावर मिळायची, आणि कार्डावर मिळायची म्हणजे बहुतेक वेळा मिळायची नाही. सारं बेळगाव पिशव्या घेऊन साखरेच्या मागं लागलेलं, आणि आमच्या घरातून ती अशी परभारे वाहून चालली होती. मला आधी हसू आलं. मग डॉक्टर म्हणाले, "साखर पूर्ण बंद करा, पाय जपा," आणि माझं हसू तिथंच राहिलं. निपाणीला माझ्या थोरल्या भावाला, दादांना, हेच होतं. नव्या वहाणेनं अंगठ्याला एवढंसं खरचटलं होतं. आधी अंगठा गेला, मग पाऊल, आणि पुढच्या दसऱ्याला दादाच नव्हते.

घरी येताना टांग्यात मी म्हटलं, "उद्यापासून बिनसाखरेचा चहा."

"आणि अंगात जोर कुठून येणार?" हे म्हणाले. "इंजिनाला कोळसा घालायचा नाही आणि मद्रासपर्यंत गाडी न्यायची, असं कुठं असतं का? मी बसल्या जागी कोसळेन. कोर्टात माझ्यावाचून काय होईल, कल्पना आहे तुला?"

मला कल्पना होती. पण लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, म्हणून बोलले नाही.

साखरेऐवजी घालायची एक गोळी मिळते, सॅक्रीन तिचं नाव, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्यांची चिठ्ठी घेऊन मी दुसऱ्या दिवशी रेशनच्या हपिसात गेले. खिडकीशी आण्णाप्पा नावाचा कारकून होता. त्यानं चिठ्ठी उलटीसुलटी करून वाचली.

"बाई, साखर वाढवून द्या म्हणून रोज पन्नास माणसं येत्यात. नको म्हणून आलेलं माणूस मी आजच बघतोय."

"नको नाही हो. सॅक्रीनचा परवाना हवाय."

"डाक्टर लिवतात, पेशंटनं साखर खाऊ नये. मग पेशंटची साखर कार्डातनं कमी कराय पायजे." त्यानं लगेच लाल टाक उचलला.

"आणि सॅक्रीन?"

"त्ये आमच्याकडं येत न्हाय."

"मग परवाना कसला देता?"

"परवाना देतो की. माल न्हाय, एवढंच."

मी झडप घालून कार्ड ओढून घेतलं आणि पायऱ्या उतरले. साखर सोडायची होती हे खरं. पण ती आपण होऊन सोडायची. सरकारनं लाल शाईनं काढून घ्यायची म्हणजे घराण्याची बेअब्रू. शिवाय कार्डावर नावं दोनच, त्यातलं एक गेलं तर पाव्हण्यापुढं काय गुळाचा चहा ठेवायचा? गुळाचा चहा आमच्याकडं लाकडं फोडायला आलेल्या माणसाला देतात. उद्या शेजारच्या वकिलीणबाईंना दिला तर परवा सारी गल्ली माझ्याकडं सांत्वनाला आली असती.

शेवटी माझा धाकटा भाऊ केशव उपयोगी पडला. तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत असतो, आणि तंबाखू ज्याच्या हातात त्याला लढाईतही काही कमी पडत नाही. त्यानं लष्कराच्या कॅम्पात माल पुरवणाऱ्या कुणाकडून तरी एक बोटभर बाटली पैदा केली.

"आक्का, एक गोळी म्हंजे एक चमचा साखर," तो म्हणाला. "दोन घालू नको. भावजींचं तोंड आठवडाभर गोड राहील आणि तुला ओळखू येणार न्हाईत."

पहिल्या दिवशी गंमत झाली. बाटलीचं बूच काही निघेना. हे तर पाटावर बसून वाट बघत होते. मी वैतागून नेहमीसारखी साखर घातली आणि कप पुढं ठेवला. ह्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, गुडघ्यावर हात ठेवला.

"बघ. गेली ताकद. गुडघ्यांचं पाणी झाल्यासारखं वाटतंय."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण ह्यांचा चेहरा इतका दुःखी होता की सांगवेना. दुसऱ्या दिवशी बूच निघालं. मी गोळी घातली आणि म्हटलं, "आज साखरच घातलीय, जाऊ दे." तो चहा पिऊन हे उठले आणि तीन वर्षं मी सांगत होते ते कपाट एकट्यानं सरकवून भिंतीला लावलं.

आता यातून मी काय समजायचं? साखरेनं गुडघे गेले आणि सॅक्रीननं कपाट हललं. मी स्वैपाकघरात बाटली समोर ठेवून बराच वेळ बसले. मराठी पाचवीपर्यंतही मी शाळेत गेले नाही, जे वाचलं ते घरी पुड्यांच्या कागदावर. म्हणून मला वाटलं, शिकलेल्या माणसाला हे कळत असेल.

म्हणून नागुबाईला विचारलं नाही. पण दूध घालायला आलेल्या नागुबाईला काही विचारावं लागत नाही. बाटली बघून ती म्हणाली, "ह्ये गोड लागतंय, पर अंगाला लागत न्हाय व्हय? वैनी, तोंडाला फशीवशीला, प्वाट काय येडं हाय?" शेजारच्या वकिलीणबाई, म्हणजे जयाबाई, म्हणाल्या की त्यांच्या मामेभावानं ही गोळी खाल्ली आणि त्याला आठ दिवस झोपच आली नाही. संध्याकाळी त्याच म्हणाल्या, नाही, तो आठ दिवस झोपूनच होता. माझा गोंधळ होता तो दुप्पट झाला.

तुम्ही म्हणाल, मग गुपचूप गोळीच घालत राहायचं. घरात घातलीही असती. पण कोर्टासमोर हॉटेल आहे, तिथं दिवसाला चार कप होतात, आणि पक्षकार निकाल लागला की पेढे आणतात, निकाल विरुद्ध गेला तरी पुढच्या अपिलासाठी आणतात. तिथं मी कुठं जाऊन उभी राहू? ह्यांनी मनानं सोडली तरच साखर सुटणार होती.

हे कोडं जयाबाईंच्या यजमानांनी, हरिभाऊ वकिलांनी, सोडवलं. निदान त्यांना तसं वाटलं. एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून ते ह्यांना म्हणाले, "आप्पासाहेब, वाद कशाला? पुरावा घेऊ. रविवारी येळ्ळूरचा गड चढायचा. तुम्ही आणि मी. वय सारखं, पोट सारखं. एकाच्या चहात साखर, दुसऱ्याच्या चहात सॅक्रीन. कुणाच्या कपात काय, ते फक्त वहिनींना ठाऊक. सॅक्रीनवाला साखरवाल्याच्या बरोबरीनं चढला, तर तुम्ही साखर सोडायची. मागं पडला, तर वहिनींनी हा विषय पुन्हा काढायचा नाही."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "कबूल?"

मला दादांचं पाऊल दिसलं. मी म्हटलं, "कबूल."

मनाशी मी ठरवून टाकलं होतं. ह्यांच्या कपात सॅक्रीन. ह्यांना साखर प्यालोय असं वाटलं की हे गड काय, सिंहासनसुद्धा उचलून आणतील, हे मी कपाटावरून ओळखलं होतं.

रविवारी उजाडता उजाडता टांगा निघाला. हरिभाऊंचा थर्मास होता, त्यात साखरेचा चहा. आमची किटली गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेली, तिच्यात सॅक्रीनचा. एका पिशवीत थर्मास, किटली, दोन सारखे कप आणि जयाबाईंनी दिलेला लाडवांचा डबा. जयाबाईंना टांग्यात बसलं की मळमळतं, म्हणून त्यांच्याऐवजी लाडू आले होते. ती पिशवी माझ्याकडं. प्रयोग ह्यांचा, पण पिशवी माझी, हे कुणी ठरवलं नाही. तसं ते ठरवावं लागतच नाही.

येळ्ळूर गावाच्या पलीकडं, गडाच्या पायथ्याशी एका आंब्याखाली आम्ही थांबलो. मी झाडाच्या मागं गेले. उजव्या हातात साखरेचा कप, डाव्या हातात सॅक्रीनचा. "उजवा हरिभाऊ, डावा हे," असं मनात घोकत बाहेर आले आणि ज्याचा त्याला कप दिला.

इथंच सगळं आटोपलं असतं. पण हरिभाऊंच्या कपात चहा बोटभर जास्त दिसत होता.

"छे छे," हरिभाऊ म्हणाले, "आप्पासाहेब, भरलेला तुम्ही घ्या."

"असं कसं? तुम्ही पाव्हणे."

"पाव्हणा कसला? थर्मास माझा."

"पण कप आमचे."

कप इकडून तिकडं गेले, आणि ह्यांनी ते लगेच परत फिरवले.

"अहो, नका!" मी ओरडले. "दिलाय तो प्या!"

"वहिनी, रागावू नका, मला कमीच पुरतो," असं म्हणत हरिभाऊंनी कप पुन्हा बदलले. मग ह्यांनी पुन्हा. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा, ते मला आता शपथेवरही सांगता येणार नाही. मी डोळे फाडून उजवा कुठं गेला ते बघत होते. शेवटी हे म्हणाले, "बरं, ना तुमचं ना माझं, समान करू," आणि आपल्या कपातला अर्धा चहा त्यांच्या कपात ओतला. तो झाला काठोकाठ. मग हरिभाऊंनी संकोचून त्यातला घोटभर परत ओतला. दोघांनी फुर्र करून संपवला आणि मिशा पुसल्या.

"चला," हे म्हणाले, "आता कळेल काय ते."

मी आंब्याला धरून उभी राहिले. आग्रह करू नये असं आपल्याकडं कुणी कुणाला शिकवलेलं नाही. आग्रहाशिवाय या दोघांनी विषसुद्धा घेतलं नसतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी म्हटलं असतं, जाऊ दे. पण पायवाटेच्या तोंडाशीच रवळूचं घर. रवळूचा बांधाचा दावा हरिभाऊंकडं चाललेला. त्यानं वकीलसाहेबांना बघितलं आणि धावतच आला.

"सायेब! दारावरनं जातासा आणि पानी न्हाय? लोक काय म्हंत्याल मला? या, या."

पाठोपाठ त्याची बायको तांब्या आणि ताटलीत गूळ घेऊन आली. नवा गूळ, सोन्याच्या रंगाचा, लिंबाएवढे खडे.

"ह्यांना चालत नाही," मी म्हटलं.

"गूळ चालत न्हाय?" रवळूला ते खरंच वाटेना. "अवो, घाण्याचं बैल गूळ खाऊन दिसभर फिरत्यात. मानसाला न चालाया काय झालं?"

हे मला म्हणाले, "अगं, उन्हातनं आलेल्याला दिलेलं गूळपाणी नाकारायचं नसतं. माणसाचा अपमान होतो." आणि त्या माणसाचा अपमान होऊ नये म्हणून ह्यांनी दोन खडे खाल्ले. हरिभाऊंचा तर पक्षकार. त्यांनी तीन खाल्ले. रवळूही मग साहेबांसोबत निघाला.

चढ सुरू झाला. मी मागून पिशवी घेऊन. आमच्या ह्यांच्या अंगात काय संचारलं होतं कुणास ठाऊक! धोतराचा काष्टा मारून ते बकरीसारखे दगडांवरून उड्या टाकत चालले. हरिभाऊ अर्ध्या वाटेवर एका धोंड्यावर बसले. छातीवर हात ठेवून रवळूला म्हणाले, "तारीख पुढं ढकल."

"उठा, सायेब. माजी तारीख तुमी चार डाव ढकलीलासा, ही न्हाय ढकलाय येत," रवळू म्हणाला आणि त्यानं त्यांना बगलेत हात घालून उठवलं.

मी वर पोचले तेव्हा हे गडावरच्या देवळाच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभे होते. चेहरा लाल, डोळ्यांत तेज.

"सांग! माझ्या कपात काय होतं?"

आयुष्यात प्रथमच आमच्या घरातली एवढी मोठी गोष्ट माझ्या एका शब्दावर होती. सॅक्रीन म्हटलं की काम झालं. पण हे पहिले आले होते ते मला दिसत होतं. कशानं, ते मला दिसत नव्हतं. आणि ज्याच्या पायापायी एवढा खटाटोप, त्याच्याशी खोटं बोलायचं, हे जिभेवर येईना.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात रवळूच्या खांद्यावरून हरिभाऊ आले. दहा मिनिटं त्यांना बोलता आलं नाही. बोलता आल्यावर त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली.

"पहिल्यांदा कप दिलेत तेव्हा साखर कुणाकडं?"

"तुमच्याकडं."

"नंतर?"

"ह्यांच्याकडं. मग तुमच्याकडं. मग…"

"मग?"

"मग ह्यांनी ओतला. मग तुम्ही ओतलात. मग गूळ."

"म्हणजे," हरिभाऊ बोटं मोजत म्हणाले, "माझ्या अंगात साखर, सॅक्रीन आणि गूळ. आप्पासाहेबांच्याही अंगात साखर, सॅक्रीन आणि गूळ. तरी ते पळाले आणि मी बसलो. याला कायद्यात उत्तर नाही. पुरावा नाही, दावा काढून टाकला!"

"म्हणजे साखर चालू," हे खूश होऊन म्हणाले. खाली बसले, पिशवी ओढली, लाडवांचा डबा उघडला आणि एक लाडू उचलला.

मी एरवी बोलले नसते. चार माणसांत नवऱ्याला बोलायची आमच्यात पद्धत नाही. पण तो लाडू तोंडाकडं निघालेला दिसला आणि माझं मलाच कळायच्या आत मी बोलून गेले.

"तुमच्या दोघांच्या कपात काय होतं ते विचारलंत. माझ्या कपात काय होतं?"

"तुझ्या?" हे गोंधळले. "तुला कुठं कप होता?"

"नव्हताच. कपच दोन आणले होते. गूळ तुम्ही दोघांनी संपवला. पहाटे उठल्यापासून माझ्या पोटात पाण्याचा घोट आहे, दुसरं काही नाही. साखर नाही, गोळी नाही. आणि किटली, थर्मास, डबा घेऊन मी तुमच्या मागून दहा पावलांवर वर आलेय. ताकद कशानं येते ते मला ठाऊक नाही हो. मला एवढंच ठाऊक आहे की पुढं कुठलाही चढ मला एकटीला चढायचा नाही."

हरिभाऊंनी तोंड फिरवून चिकोडीच्या दिशेला काही दिसतंय का ते बघायला सुरुवात केली. रवळू म्हणाला, "बाईनं काय खाल्लंच न्हाय व्हय?" आणि त्यालाच अपराधी वाटल्यासारखा तो देवळामागं निघून गेला.

ह्यांनी लाडवाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग तो लाडू माझ्या हातात ठेवला.

"खा."

मी खाल्ला. फार गोड होता. त्यानं अंगात ताकद आली की नाही ते सांगता येणार नाही, कारण त्यानंतर मला जरा रडूच आलं, आणि रडताना ताकद मोजता येत नाही. उतरताना पिशवी ह्यांनी घेतली. टांग्यापर्यंत कुणाला दिली नाही.

ह्यांनी "साखर सोडली" असं काही म्हटलं नाही. आमच्याकडचे पुरुष असं म्हणत नाहीत. टांगा वडगावाजवळ आला तेव्हा हे हरिभाऊंना हळूच म्हणाले, आणि टांग्यात हळूच म्हणजे माझ्या कानाशीच, "हिला फार अशक्तपणा आहे हो. तुम्ही बघितलंत ना, वर रडायला लागली. डॉक्टरांनी हिच्यासाठी घरातली साखर बंद करायला सांगितलीय. हिच्यासमोर मी एकटा कसा खाऊ? मीही सोडतोय."

"अशक्तपणाला साखर बंद?" हरिभाऊ म्हणाले.

"नवीन शोध आहे," हे म्हणाले.

मी बाहेर उसाची शेतं बघत बसले.

सोमवारपासून आमच्याकडं चहात ना साखर, ना गोळी. बाटली मी केशवला परत दिली. कोर्टासमोरच्या हॉटेलात हे बिनसाखरेचा मागतात आणि वेटरला कारण सांगतात की घरी बायको आजारी आहे. जयाबाई दर चार दिवसांनी माझी जीभ बघून जातात. नागुबाई माझ्यासाठी शेराला पावशेर जास्त दूध घालते आणि त्यात पाणीही नेहमीपेक्षा कमी असतं. मी ठणठणीत आहे हे सांगायची सोय उरलेली नाही. सांगितलं तर ह्यांना हॉटेलात उद्या काय कारण उरणार?

तेव्हा मी आजारी आहे. हे रोज संध्याकाळी कोर्टातून येतात आणि दारातूनच, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं विचारतात, "आज कसं वाटतंय?"

मी पदरानं हात पुसत बाहेर येते, ह्यांच्या पावलांकडं एकदा नीट बघून घेते, आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणते, "आज बरंय."